ट्रोपोनिन नॉर्मल आलं, म्हणजे धमनी मोकळी आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ, वय ४८. दोन महिन्यांपासून जिना चढताना छातीत आवळल्यासारखं होतं आणि दोन मिनिटं थांबलं की जातं. डॉक्टरकडे न जाता त्याने परस्पर लॅबमध्ये 'हृदयाची प्रथिनं' तपासून घेतली. ट्रोपोनिन नॉर्मल, एनटी-प्रोबीएनपी नॉर्मल, हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी ४.१. आता तो म्हणतो, हृदय ठीक आहे, सीआरपी सर्दीमुळे वाढलं असेल. रक्तातल्या प्रथिनांवरून ब्लॉकेज कळतं का, असं त्याच्या ताईंनी विचारलं आहे.

ताई, आधी भावाचं बोलते, प्रथिनांचं नंतर. चढताना छाती आवळणं आणि थांबल्यावर मोकळं होणं, हे अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणाऱ्या छातीच्या दुखण्याचं, अगदी ठरलेलं वर्णन आहे. या रिपोर्टने ती शक्यता जराही कमी झालेली नाही. याच आठवड्यात त्याला हृदयरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. आणि हे दुखणं बसल्या जागी सुरू झालं, पंधरा मिनिटांत गेलं नाही, घाम फुटला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, यातलं एक जरी झालं, तर लॅबकडे वळू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

मी बावीस वर्षं क्लिनिकल बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम करते आहे. ट्रोपोनिनचे किती रिपोर्ट सही केले त्याचा हिशोब नाही. या चाचणीवर माझा फार विश्वास आहे. म्हणूनच तिला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या तोंडी घातलं की मला राहवत नाही.

ट्रोपोनिन म्हणजे काय, ते जवळून पाहू. हृदयाच्या स्नायूपेशीत बारीक तंतू असतात. ते एकमेकांवर सरकले की स्नायू आकुंचन पावतो. कधी सरकायचं आणि कधी थांबायचं, हे कॅल्शियमच्या इशाऱ्यावर ठरवणारं तीन प्रथिनांचं त्रिकूट त्या तंतूंवर बसलेलं असतं: ट्रोपोनिन सी, आय आणि टी. यातल्या आय आणि टी यांची हृदयातली घडण हाता-पायाच्या स्नायूंपेक्षा वेगळी आहे, म्हणून ती रक्तात सापडली की हृदयाचा पत्ता लागतो. पेशीतलं बहुतेक ट्रोपोनिन तंतूंना घट्ट बांधलेलं असतं, थोडंसं द्रवात मोकळं असतं. पेशी मेली की आधी मोकळं बाहेर पडतं आणि मग तंतू विरघळत जातील तसं उरलेलं झिरपत राहतं. म्हणून अटॅकनंतर काही तासांत आकडा चढतो आणि पुढे आठवडाभर, कधी दोन आठवडेसुद्धा, खाली येत नाही.

म्हणजे ट्रोपोनिन सांगतं ते एवढंच: हृदयाच्या स्नायूला इजा झाली. धमनीत काय साचलं आहे, याबद्दल ते काहीही सांगत नाही. धमनी सत्तर टक्के अरुंद असेल, पण बसल्या जागी स्नायूला पुरेसं रक्त मिळत असेल, तर एकही पेशी मरत नाही. जिना चढताना मागणी वाढते, पुरवठा अपुरा पडतो, छाती आवळते. माणूस थांबतो, मागणी उतरते, पेशी वाचतात. अशा माणसाचं ट्रोपोनिन बहुतेक वेळा नॉर्मलच येणार. तुमच्या भावाची गोष्ट नेमकी अशीच असू शकते. दुसरीकडे, अटॅक देणारी चरबीची गाठ आधी फार अडथळा करत असतेच असं नाही. तीस-चाळीस टक्क्यांची गाठ एक दिवस फाटते, तिच्यावर रक्ताची गुठळी धरते आणि धमनी बंद होते. फाटण्याच्या आदल्या दिवशी रक्त काढलं असतं, तर ट्रोपोनिन नॉर्मल आलं असतं.

इजा आणि अडथळा यांतला हा फरक पूर्वीही होता, फक्त आताएवढा ठळक नव्हता. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कारमेन यांनी हार्ट अटॅकनंतर रक्तात एसजीओटी नावाचं एन्झाइम वाढतं असं दाखवलं. हेच आज लिव्हरच्या रिपोर्टमध्ये दिसणारं एएसटी. ते लिव्हरमध्येही असतं, स्नायूंतही असतं, त्यामुळे घोळ व्हायचा. मग सीपीके आणि सीके-एमबी ही स्नायूंतली एन्झाइमं मोजणं आलं. १९८९ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ह्यूगो काटुस यांच्या गटाने ट्रोपोनिन टी मोजण्याची पद्धत मांडली आणि २००० साली हार्ट अटॅकची व्याख्याच ट्रोपोनिनभोवती नव्याने बांधली गेली. या सगळ्या प्रवासात एक गोष्ट बदलली नाही. चाचणी अधिकाधिक बारीक इजा पकडू लागली, पण पकडत राहिली ती इजाच.

आणि ती किती बारीक पकडते, हे पाहून मला आजही नवल वाटतं. एक लिटर रक्तद्रवात अल्ब्युमिन, म्हणजे तिथलं सगळ्यात मुबलक प्रथिन, साधारण चाळीस ग्रॅम असतं. धडधाकट माणसाचं ट्रोपोनिन असतं काही नॅनोग्रॅम. चार नॅनोग्रॅम धरलं, तर ट्रोपोनिनच्या एका ग्रॅममागे अल्ब्युमिनचे एक हजार कोटी ग्रॅम झाले. एवढ्या गर्दीतून हवं ते प्रथिन दोन अँटीबॉडींच्या चिमट्यात पकडायचं, म्हणजे आधीच्या पायऱ्यांवर निष्काळजीपणा चालत नाही. एका रात्री चाळिशीतल्या एका बाईंचं ट्रोपोनिन १८० आलं. ईसीजी साफ, छातीत दुखणंही सुईसारखं, एका जागी. आकडा जुळेना म्हणून ट्यूब उजेडासमोर धरली. सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवात, केसाएवढा, जवळजवळ पारदर्शक धागा तरंगत होता. रक्त नीट गोठायच्या आत कुणीतरी घाईने सेंट्रिफ्यूजला, म्हणजे रक्त गरागरा फिरवून पेशी खाली बसवणाऱ्या यंत्राला, लावलं होतं आणि तो फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, धागा मशीनच्या मोजणीत आला होता. पुन्हा फिरवून वरचं स्वच्छ सीरम घेतलं, तर आकडा आला ६. त्या बाईंना तोवर अँजिओग्राफीबद्दल सांगून झालं होतं. तेव्हापासून आकडा आणि माणूस जुळत नसेल, तर मी आधी ट्यूब बघते.

उलटंही होतं. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांत काही बनावटीच्या चाचण्यांत ट्रोपोनिन खोटं कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. त्यानंतर अनेक चाचण्या सुधारल्या आहेत, तरी अशी गोळी चालू असेल तर रक्त देताना सांगायलाच हवं.

एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. एका प्रचलित ट्रोपोनिन टी चाचणीत नॉर्मलची वरची रेषा १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. निरोगी लोकांपैकी ९९ टक्के लोक या रेषेच्या खाली असतात, ही तिची व्याख्या. आता दोन पेशंट घ्या. एकाची किडनी निकामी आहे, ट्रोपोनिन ६१, तीन तासांनी ६३. दुसऱ्याचं ९, तीन तासांनी ४१. घाबरायचं दुसऱ्यासाठी, पहिल्या आकड्याने तो रेषेखाली असला तरी. किडनीचा आजार, हार्ट फेल्युअर, फुप्फुसातली गुठळी, सेप्सिस (रक्तात पसरलेलं गंभीर इन्फेक्शन), मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूचा दाह), एवढंच काय, मॅरेथॉन पळून आलेला माणूस, या सगळ्यांत ट्रोपोनिन वर असू शकतं. चढता किंवा उतरता आकडा, सोबत लक्षणं किंवा ईसीजीतला बदल, हे जुळलं की अटॅक म्हणायचं. आणि रिपोर्ट वाचताना एकक जरूर पाहा. १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर आणि ०.०१४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हे एकच आहे. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'आकडा हजारपट वाढला' म्हणून रडवेली झालेली माणसं मी पाहिली आहेत.

एनटी-प्रोबीएनपीबद्दल फार लिहीत नाही. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की ते वाढतं. दम लागतो तो हृदयामुळे की फुप्फुसामुळे, यासाठी ती उत्तम चाचणी आहे. ब्लॉकेज शोधायला ती बनलेली नाही.

आता सीआरपी, ज्यावर तुमच्या भावाचा वाद आहे. हे प्रथिन १९३० मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठेही दाह असला की इंटरल्युकिन-६ या दाहाचा निरोप देणाऱ्या प्रथिनाच्या सांगण्यावरून लिव्हर ते बनवतं. कुठेही म्हणजे खरंच कुठेही: हिरड्या, घसा, सांधे, पोटावरची चरबी. धमनीच्या भिंतीतला दाह हा त्यातला एक. १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली कमी जोखीम, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, अशी ढोबळ विभागणी आहे. आकडा १० च्या पुढे असेल तर आधी इन्फेक्शन शोधायचं. सर्दीमुळे ४.१ आलं असेल, हे भावाचं म्हणणं अशक्य नाही. पूर्ण बरं वाटल्यावर निदान दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा तपासलं की कळेल. पण पुन्हा केलेलं १ च्या खाली आलं, तरी जिन्यावरचं आवळणं तिथेच राहतं.

सीआरपीच्या बाबतीत अभ्यासकांनी एक सुंदर गाठ सोडवली आहे. सीआरपी स्वतः धमनी बिघडवतं का? जन्मतःच ज्यांच्या जनुकांमुळे सीआरपी जास्त असतं, त्यांना हृदयविकार जास्त व्हायला हवा होता. तसं दिसलं नाही. म्हणजे सीआरपी हा धूर आहे, आग दुसरीकडे आहे. मग ती आग विझवली तर? २०१७ मधल्या कँटोस नावाच्या औषध-चाचणीत, आधी अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी २ च्या वर राहिलेल्या दहा हजारांवर लोकांना इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह भडकवणारं प्रथिन रोखणारं कॅनाकिनुमॅब हे औषध किंवा नुसतं प्लासिबो (औषध नसलेला डोस) दिलं. कोलेस्टेरॉल हललं नाही, पण १५० मिलिग्रॅमच्या डोसवर अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले. दाह धमनीच्या आजारात सामील आहे, याचा तो पक्का पुरावा. औषध मात्र सरसकट वापरात आलं नाही. जीवघेणी इन्फेक्शन्स वाढली होती.

मग खरोखर ब्लॉकेज सांगणारं प्रथिनांचं पॅनेल नाहीच का? प्रयत्न चालू आहेत, आणि त्यातल्या एकाबद्दल सविस्तर सांगते, कारण 'एका रक्ततपासणीत ब्लॉकेज कळेल' अशा बातम्यांच्या मुळाशी असेच अभ्यास असतात. २०१७ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी अँजिओग्राफीला आलेल्या नऊशेवर लोकांचं रक्त आधी घेतलं, शंभरावर प्रथिनं मोजली आणि एक स्कोअर बांधला. त्यात चार प्रथिनं होती: मिडकाइन, अॅडिपोनेक्टिन, अपोलायपोप्रोटीन सी-१ आणि किडनीच्या इजेचं सूचक असलेलं किम-१. सोबत दोन साध्या गोष्टी, पुरुष असणं आणि आधी अँजिओप्लास्टी झालेली असणं. निदान एका मोठ्या धमनीत सत्तर टक्के किंवा जास्त अडथळा आहे का, हे ओळखण्यात या स्कोअरला ०.८७ गुण मिळाले. म्हणजे अडथळा असलेला आणि नसलेला अशा जोड्या लावल्या, तर शंभरातल्या ८७ जोड्यांत अडथळेवाल्याचा स्कोअर जास्त निघाला.

चांगलं काम आहे, मी कमी लेखत नाही. पण बारकाईने बघा. चार प्रथिनांपैकी एकही ट्रोपोनिनसारखं हृदयाच्या स्नायूचं खास प्रथिन नाही. ती चरबीची, किडनीची, शरीराच्या एकूण अवस्थेची खबर देतात आणि त्या अवस्थेत धमन्याही बिघडलेल्या असण्याची शक्यता मोठी, असा तो आडवळणाचा अंदाज आहे. ज्याला आधीच स्टेंट बसला आहे, त्याच्या धमन्यांत आजार आहे हे सांगायला प्रथिनांची गरज नव्हती. आणि सगळे लोक अँजिओग्राफीच्या दारात पोचलेले होते.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी, म्हणून साधं गणित मांडते. समजा एक चाचणी आहे. आजारी माणसांपैकी ८० टक्क्यांना ती बरोबर पकडते आणि निरोगी माणसांपैकी ८० टक्क्यांना बरोबर सोडते. अँजिओग्राफीला निघालेल्या १००० जणांत ५०० जणांना ब्लॉकेज असेल, तर ४०० पकडले जातील आणि ५०० निरोगींपैकी १०० उगाच. पॉझिटिव्ह आलेल्या शंभरातले ८० खरे. आता तीच चाचणी काहीही त्रास नसलेल्या १००० लोकांवर करा, ज्यांच्यात ब्लॉकेज फक्त ५० जणांना आहे. ४० पकडले जातील, आणि ९५० निरोगींपैकी १९० उगाच. पॉझिटिव्ह २३०, खरे ४०. म्हणजे शंभरात जेमतेम १७. मशीन तेच, रसायन तेच, कटऑफ तोच. ज्याची शक्यता आधीपासून कमी आहे, त्याला अशी चाचणी काळजी आणि पुढच्या तपासण्यांची रांग देते. ज्याची शक्यता जास्त आहे, जशी तुमच्या भावाची, त्याला निगेटिव्ह आलेली चाचणी खोटा दिलासा देते.

आता एकेका थेंबातून हजारो प्रथिनं मोजता येतात. ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्य-माहितीच्या मोठ्या संग्रहातल्या ५४,२१९ लोकांत २,९२३ प्रथिनं मोजलेला मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हा खजिना आहे, त्यातून नवी औषधं निघतील असं मला मनापासून वाटतं. पण तीन हजार प्रथिनं एखाद्या आजाराशी ताडून पाहिली, तर पाच टक्क्यांच्या नेहमीच्या कसोटीवर नुसत्या योगायोगाने दीडशे प्रथिनं 'संबंधित' दिसतील. ती गाळायची तर दुसऱ्या लोकांवर, दुसऱ्या लॅबमध्ये, पुन्हा तेच निघतं का ते पाहावं लागतं. आमच्या बाजूचीही अडचण आहे. ट्यूब सेंट्रिफ्यूज होण्याआधी काही तास तशीच पडली, तर रक्तपेशींतून प्रथिनं गळतात. एका गटाचं रक्त ताबडतोब फिरवलं आणि दुसऱ्याचं दुपारी, तर दोन गटांत फरक सापडणारच, आणि त्याचा हृदयाशी काही संबंध नसेल. शिवाय नवं प्रथिन जुन्या माहितीत किती भर घालतं, हे पाहावं लागतं. २००६ मध्ये फ्रॅमिंगहॅम या अमेरिकेतल्या हृदयविकाराच्या दीर्घकालीन अभ्यासाच्या गटाने सीआरपी, बीएनपी (एनटी-प्रोबीएनपीचं भावंड) धरून दहा बायोमार्कर, म्हणजे रक्ता-लघवीतले सूचक पदार्थ, एकत्र तपासले. वय, रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांवरून जो अंदाज येतो, त्यात त्यांनी थोडीशीच भर पडली.

मात्र दोन प्रथिनं मी स्वतःहून सुचवते. ती ब्लॉकेज 'शोधत' नाहीत, धमनीत काय साचवत नेलं जातं आहे ते दाखवतात. एक अपोलायपोप्रोटीन बी. कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या, धमनीच्या भिंतीत घुसणाऱ्या प्रत्येक कणावर याचा नेमका एक रेणू असतो, म्हणून ते मोजलं की कणांची संख्या कळते. ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्या किंवा मधुमेही माणसात एलडीएल बरं दिसूनही कण खूप असू शकतात. तिथे हे प्रथिन खरं सांगतं. दुसरं लायपोप्रोटीन ए, १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधलेलं. त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरते, पथ्याने किंवा व्यायामाने फारशी हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा मोजलं तरी बहुतेकांना पुरतं. साधारण पाचातल्या एकाला ते ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असतं. सिगारेट नाही, मधुमेह नाही, तरी पंचेचाळिशीत अटॅक आला, अशा घरांत मी हे आवर्जून पाहायला सांगते.

तर भावाचं पुढे काय? ईसीजी आणि इको होईल. बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, त्यावरही थांबू नका. नंतर डॉक्टर त्याच्या एकूण जोखमीनुसार स्ट्रेस टेस्ट, सीटी कोरोनरी अँजिओग्राफी किंवा थेट अँजिओग्राफी ठरवतील. सीटीचा फायदा असा की धमनीची भिंत प्रत्यक्ष दिसते, अडथळा न करणाऱ्या गाठीसुद्धा. स्कॉटलंडच्या स्कॉट-हार्ट अभ्यासात छातीत दुखणाऱ्या ४,१४६ लोकांपैकी निम्म्यांना नेहमीच्या तपासणीबरोबर सीटी केलं. पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅक यांचं प्रमाण ३.९ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. गाठी दिसल्यामुळे योग्य माणसांना योग्य औषधं वेळेवर सुरू झाली, हे त्यामागचं एक मोठं कारण.

डॉक्टरांपुढे बसल्यावर फाइल आधी उघडू नका. आधी भावाला त्याच्या शब्दांत सांगू द्या: कितव्या पायरीला आवळतं, कुठे आवळतं, थांबल्यावर किती वेळात जातं, आधीपेक्षा लवकर व्हायला लागलं आहे का. मग रिपोर्ट द्या. सोबत अपोबी आणि लायपोप्रोटीन ए करून घ्यायचं का, ते विचारा. लायपोप्रोटीन ए जास्त निघालं, ताई, तर तुमचंही एकदा तपासून घ्या. सख्ख्या भावंडांत ते सारखं असण्याची शक्यता बरीच असते, आणि तुम्ही स्वतःबद्दल एक शब्दही विचारलेला नाही.